हसायच्या जागा

सेलूत स्टेशनकडून मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणिकरावांची टॉकीज होती आणि टॉकीजच्या लेडीज दारात धुरपताबाई होती. तिकीट फाडायचं, टॉर्च मारून बाकावर जागा दाखवायची, रडकं लेकरू आईसकट बाहेर काढायचं आणि बायांच्या बाजूला डोकावणाऱ्या पोरांच्या पाठीत त्याच टॉर्चचा बुडखा घालायचा, एवढं तिचं काम. नवऱ्यानं टाकल्यावर ती लेकीला कडेवर घेऊन सेलूला आली होती. आधी जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायची. तिथं एकदा ती मुकादमाशी भांडली. ते भांडण रस्त्यापलीकडून माणिकरावांनी ऐकलं आणि म्हणाले, "हा आवाज मला दारावर पाहिजे."

पण आसपासच्या तालुक्यांत तिचं नाव झालं ते दाराच्या कामानं नाही. ते झालं पोरी दाखवण्यानं.

पोर रीतसर दाखवायची म्हणजे पाहुणे घरी येणार, पोहे होणार, सगळी गल्ली दारात उभी राहून बघणार. नकार आला की तोही गल्लीला कळणार. असे दोन-तीन नकार पदरी पडले की पोरीत काहीतरी खोट आहे असं लोक धरूनच चालतात. टॉकीजमध्ये ही भानगड नव्हती. मुलाकडचे सिनेमाला आले, मुलीकडचेही सिनेमाला आले. कुणी कुणाला बघायला आलंच नाही, मग नकार कशाचा? इंटरवलला दिवे लागले की पोरगी उठायची, लेडीज दाराजवळच्या माठावर यायची आणि तांब्यानं पाणी प्यायची. मुलगा समोर सोड्याच्या गाडीशी उभा असायचा. पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. मुलाची आई आणि बहिणी आत बायांच्या बाकांवर असायच्या, त्यांनी तिला जवळून बघितलेलं असायचं. पसंत पडली तर पुढचं बोलणं, नाही पडली तर सगळे आपापल्या घरी.

कुणाला कुठं बसवायचं हे धुरपताबाई ठरवायची. एखादीची नजर तिरळी असली तर तिला भिंतीकडच्या टोकाला, म्हणजे एकच डोळा दिसेल. हातावर पांढरा डाग असला तर रुमाल कसा धरायचा ते शिकवून. काळी असली तर पंख्याखालच्या दिव्यापासून दूर. ती खोटं कधी बोलली नाही. दिवा कुठून येतो तेवढं बघायची. लग्न जमलं की तिला खण-नारळ यायचा आणि गावागावातल्या बाया तिला मावशी म्हणायच्या.

माठ आधी एकच होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीत टॉकीज बरेच दिवस बंद राहिली. उघडली तेव्हा माठ दोन झाले होते. दुसरा कुणासाठी हे माणिकरावांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. भीमनगरातल्या बाया आपोआप दुसऱ्या माठाकडे वळायला लागल्या आणि मग हळूहळू यायच्याच बंद झाल्या. धुरपताबाई दोन्ही माठ एकाच आडाच्या पाण्यानं भरायची आणि गप्प बसायची. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण गप्प कुठं बसायचं ते तिला नीट कळायचं.

तिची लेक रुख्मिणी. धारदार नाक, लांब वेणी, रंगानं उजळ. नवव्या वर्षी तिला मोठा ताप आला. ताप उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलायची, कारण बोलायला आधीच शिकली होती. पण आवाज सपाट झाला होता, चढ नाही, उतार नाही. उजेडात समोरच्याच्या ओठांवरून तिला बरंच कळायचं. पाठीमागून कुणी हाक मारली तर काहीच नाही. अख्ख्या सेलूला हे ठाऊक होतं. म्हणून सेलूतून तिला मागणी येणार नव्हती. पण बाहेरगावची आली तर सेलूतलं कुणी मोडता घालणार नाही, हेही धुरपताबाईला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या पोरीची सोयरीक मोडण्याचं पाप कोण घेणार?

रुख्मिणीचं वय उलटत चाललं होतं. धुरपताबाई एका सिनेमाची वाट बघत होती.

'चार मामांची भाची' असं त्याचं नाव. तो दोन-तीन वर्षांतून एकदा सेलूला यायचा, दर वेळी फिल्मची पट्टी थोडी जास्त खरवडलेली, एखादं गाणं मध्येच तुटलेलं. जुन्या काळातलं लहानसं गाव. टांगे, पितळी भोंग्याचा फोनो, नऊवारीतल्या बाया. आई-बाप नसलेली एक भाची आणि तिला वाढवणारे चार मामा. प्रत्येक मामाला वेगळा जावई पाहिजे. भाचीनं आपला ठरवलेलाच आहे. तो सायकलींची पंक्चरं काढतो आणि गातो. मग तो कधी कणगीत लपतो, कधी कासारणीचं सोंग घेऊन घरात शिरतो आणि चार मामांना बांगड्या भरतो. थोरले मामा हौदात पडतात. शेवटी सगळे एकाच पंगतीला बसतात. म्हाताऱ्या बाया डोळ्याला पदर लावून म्हणायच्या, "आमच्या टायमाला असंच व्हतं माय." त्यांच्या वेळी असं काहीही नव्हतं. त्यांतल्या कितीतरी जणींनी नवऱ्याचं तोंड लग्नानंतर महिन्यानं बघितलं होतं. पण सिनेमा बघताना त्यांना तसं वाटायचं खरं, आणि इंटरवलपर्यंत त्यांचं मन असं पातळ व्हायचं की माठावरच्या पोरीला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. ह्या सिनेमाला दाखवलेली पोर नाकारली गेल्याचं धुरपताबाईला आठवत नव्हतं.

त्यातून टॉकीज म्हणजे अशी एकच जागा, जिथं पोरीला कुणी काही विचारत नाही. तुझं नाव काय, कितवी शिकली, स्वैपाक येतो का, काही नाही. सगळे पडद्याकडे बघणार आणि हसणार. तिनंही हसलं की झालं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीआधी सिनेमा लागला. पहिल्या दिवसापासून धुरपताबाईनं रुख्मिणीला दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि तिचा हात हातात घेतला. एकदा दाबला की गालात हसायचं, दोनदा दाबला की तोंडाला पदर लावून. गाणं सुरू झालं की मान डोलवायची.

"थोरला मामा काय म्हणायला आई?" रुख्मिणी तिच्या सपाट आवाजात विचारायची.

"काय म्हणू दे. तो पडला की हसायचं."

"तो पडायच्या आधीच बाया हसायल्यात."

"बोलायलाय तो काहीतरी. तू पडल्यावर हस."

"मग मला उशीर व्हतो."

पोर हुशार. दोन-तीन दिवसांत तिला हाताची गरज उरली नाही. मामानं मिशीला हात लावला की हसायचं, कणगीचं झाकण हललं की हसायचं, हे तिचं तिनं लावून घेतलं. एका मॅटिनीला मात्र घोटाळा झाला. मशीनच्या खोलीत ॲम्प्लिफायरचा व्हॉल्व उडाला. चित्र चालू राहिलं, आवाज गेला. सगळी टॉकीज शिट्ट्या मारायला लागली, आणि त्या गोंधळात रुख्मिणी एकटी, बरोबर जागेवर, पदर तोंडाला लावून हसली. आजूबाजूच्या बायांनी वळून बघितलं. त्या दिवशी तिनं टॉकीजमागच्या बोळात लेकीला उभं करून, ओठ नीट हलवत बजावलं, "बाजूच्या बायांकडं बघून मग हसायचं. आन् काही झालं तरी दिवे लागले की उठायचं, माठावर जायचं. तेवढं चुकवायचं न्हाई."

रुख्मिणीनं मान हलवली.

मुलगा पूर्णेचा होता. पंडित, रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये खलाशी, मिस्त्रीच्या हाताखालचा. बाप सटवाजी, तोही रेल्वेतून निवृत्त. पक्की नोकरी, क्वार्टर. रेल्वेतला पोरगा टाकलेल्या बाईची पोरगी बघायला कामून येतो, हे धुरपताबाईनं स्वतःला विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली नाही. पूर्णेत चौकशी करायची तर कुणाला तरी पाठवावं लागणार. आपला माणूस पूर्णेत विचारायला गेला की पूर्णेचा माणूस सेलूत विचारायला येणार. म्हणून तिचा भाऊ आश्रुबा "एक चक्कर मारून येऊ का?" म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "खामखा तिकिटाला पैसे कामून घालतोस? रेल्वेतली माणसं चांगलीच असतात."

ठरल्या दिवशी ते आले. सटवाजी आणि पंडित पुरुषांच्या बाजूला आश्रुबासोबत गेले. पंडितची आई, बायनाबाई, लेडीज दारात आली. उंच, वाळलेली बाई. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढलेला.

"मी पोरीच्या शेजारी बसते," ती म्हणाली.

"तिथली फळी हलती इहीनबाई, पुढं बसा की. चांगलं दिसंल."

"अजून इहीन झाले न्हाई मी. हलू द्या फळी."

धुरपताबाई स्वतः लेकीच्या दुसऱ्या अंगाला बसणार होती. पण दारावर गर्दी झाली, कुणाचं लेकरू चप्पल हरवून रडायला लागलं, आणि सिनेमा सुरू झाला तेव्हा ती दारातच अडकली. तिथून तिला पडद्याच्या उजेडात दोन डोकी दिसत होती. रुख्मिणी जागच्या जागी हसत होती. एकही जागा चुकली नाही. धुरपताबाईला स्वतःचाच अभिमान वाटला.

टांग्याचं गाणं लागलं. सगळ्या टॉकीजनं टाळ्यांचा ठेका धरला. त्या गलक्यात बायनाबाई वाकली आणि रुख्मिणीच्या कानाशी तोंड नेऊन काही बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. धुरपताबाईनं दाराची कडी घट्ट धरली. रुख्मिणी पडद्याकडे बघत होती. तिनं मान डोलवली. मग टांग्याचं चाक निखळलं, तेव्हा हसली. बायनाबाई सरळ बसली. निभावलं, धुरपताबाईला वाटलं.

दिवे लागले. रुख्मिणी उठली, माठाशी आली, तांब्या उचलला. सोड्याच्या गाडीशी पंडित उभा होता. गोरटेला, भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट. बायनाबाई मात्र बाकावरून उठली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती पाणी पिणाऱ्या पोरीकडे बघत राहिली. मग जवळ आली, रुख्मिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि "बरं" एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सिनेमाचा परिणाम, असं धुरपताबाईला वाटलं.

पंधरा दिवसांत कुंकू लागलं. त्या वेळी रुख्मिणी मान खाली घालून बसली होती, आणि मान खाली घालून बसलेल्या नवरीला कुणी बोलायला लावत नाही. मार्गशीर्षात लग्न झालं. बँडवाल्यांनी टांग्याचंच गाणं वाजवलं.

संक्रांतीला पोर आली नाही. "कामाचं हाय, पुढच्या सणाला पाठवू," असं सांगून आश्रुबाला पूर्णेहून परत लावलं. पुढच्या सणालाही तेच. आश्रुबानं सांगितलं की रुख्मी दिसली, पण लांबून. पदर तोंडावर होता. धुरपताबाईनं मनाला समजावलं, नवीन सुनेचा पदर तोंडावरच असतो.

उन्हाळा सुरू झाला होता. मॅटिनीच्या आधी रिकाम्या टॉकीजमध्ये ती बाकांखालची भुईमुगाची टरफलं झाडत होती. दारात सावली पडली. बायनाबाई एकटीच आली होती.

"पोरगी ऐकत न्हाई तुमची," ती म्हणाली.

धुरपताबाईनं खराटा थांबवला नाही. "सासू-सासऱ्याचं ऐकायलाच पाहिजे. मी सांगते तिला, कडक सांगते."

"धुरपताबाई. इथं कुणी न्हाई. माझ्यापुढं सोंग नगा करू."

खराटा थांबला.

"दोन बोटं मोडलीत तिची," बायनाबाई म्हणाली. "पंडित मागून हाक मारतो, ती वळत न्हाई. त्याला वाटायचं माजली हाय. कवा पदरानं झाकायची, कवा न्हाणीत पडले म्हणायची, पण ऐकू येत न्हाई हे तिनं सांगितलं न्हाई. तुमी सांगू नको म्हणला व्हतात ना? परवा त्याला कळलं. आधी माजाचा मार व्हता, आता फसवणुकीचा हाय."

धुरपताबाईचा तो मुकादमाशी भांडणारा आवाज वर आला. "आन् तुमी? तुमचा लेक असा हाय हे आमाला कुणी सांगितलं? आमची बी पोरगी हाय, उकिरड्यावर न्हाई सापडली! सांगितलं का कुणी?"

"मी सांगितलं."

"कवा?"

"हितंच. ह्याच बाकावर. तुमच्या पोरीच्या कानात."

बायनाबाई बाकावर बसली. फळी हलली.

"पहिली बायको व्हती पंडितची. तिचा हात मोडला त्यानं, मग काडीमोड झाली. आमच्या घरातली गडी माणसं हे लपवायली व्हती. मी काय बोलणार? बोलले असते तर मला घरात घेतलं नसतं. पण तुमची पोर हसायली व्हती. मला वाटलं, हिला सांगावं. मी म्हणले, पोरी, माझा लेक हात उचलतो. तुला नको असंल तर दिवे लागल्यावर उठू नको. पाण्याला जाऊ नको. मी घरी सांगते, पोरगी मला पसंत न्हाई. बोल माझ्यावर येईल, तुझ्यावर न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तिनं मान हलवली. हसली. दिवे लागले आन् उठली. मला वाटलं, समजून उमजून यायली हाय. लेकरू धीराचं हाय, माझ्या लेकाला सरळ करंल."

धुरपताबाई खाली टरफलांतच बसली. मशीनच्या खोलीत ऑपरेटर मॅटिनीची रिळं उलटी गुंडाळत होता, त्याचा करकर आवाज येत राहिला.

"घेऊन जा तिला," बायनाबाई म्हणाली. "मी पाठवते म्हणाले तर तिचं राहील बाजूला, माझंच डोकं फुटंल. पंच बसवा. तो सोडंल. पण त्याला एक पाहिजे. तुमी पाच माणसांत म्हणायचं, मी बहिरी पोर अंधारात दाखवली, मी फसवलं. मग काडीमोडीचा डाग त्याला लागत न्हाई. तिसरी करायला मोकळा."

"आन् न्हाई म्हणले तर?"

"पहिलीचा हात मोडला व्हता," बायनाबाई म्हणाली. "हिच्यासाठी घरातला रॉकेलचा डबा मी माझ्या खाटंखाली ठेवते. आता बगा."

त्या दिवशी मॅटिनीला धुरपताबाईनं कुणाचं तिकीट फाडलं, कुणाचं नाही, तिला कळलं नाही. पोरीला आणायचंच होतं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण पाच माणसांत ते वाक्य एकदा बोललं की ते पूर्णेत राहणार नव्हतं. जिंतूर, मानवत, पाथरी, जिथं जिथं तिच्या माठावरून पोरी गेल्या होत्या, तिथल्या प्रत्येक घरात ते जाणार. प्रत्येक सासू आपल्या सुनेला उजेडात ओढून विचारणार, हिच्यात काय लपवलंय? कुणाला हातावर मूल होतं, कुणाला पोटात. त्यांनी तिला खण-नारळ दिला होता.

ती पूर्णेला निघाली त्या दिवशी नामांतरासाठी बंद होता. एसट्या नव्हत्या. आगगाडी चालू होती, पण परभणीच्या फलाटावर पोलीसच जास्त होते. आश्रुबा म्हणाला, "आज नको, उद्या जाऊ." ती म्हणाली, "उद्या त्या डब्याला हात लागला तर?"

सटवाजीच्या क्वार्टरच्या अंगणात बाज टाकून पाच जण बसले होते. पंडितनं स्वतः पाणी आणून दिलं. "घ्या मावशी, उन्हाच्या आल्यात," म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. स्वैपाकघराच्या दारात रुख्मिणी उभी होती. उजव्या हाताला चिंध्या बांधलेल्या. आईला बघून तिचा चेहरा हलला, पण ती जागची हलली नाही.

पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "बंद काय, मोर्चे काय. इद्यापीठाचं नाव बदला म्हणायलेत. हिकडं पोरगी दाखवायची एक आन् द्यायची एक. दुनियेत खरं काही राहिलंच न्हाई. बोला बाई."

धुरपताबाई उभी राहिली. "पोरगी ऐकत न्हाई. लहानपणापासून. मला ठाऊक व्हतं. मी टॉकीजमदी दाखवली, म्हणजे कुणाला कळू नये. फसवलं मी. पण तुमी..."

तिची नजर बायनाबाईकडे गेली. बायनाबाई सटवाजीच्या मागं तांब्या घेऊन उभी होती. तिनं मान वर केली नाही, नको अशी खूणही केली नाही. फक्त तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

"पण तुमी भली माणसं," धुरपताबाई म्हणाली. "चूक माझी."

पंडितनं खिशातून कंगवा काढून केस सारखे केले.

"अशा किती खपवल्या अंधारात?" दुसऱ्या पंचानं विचारलं.

"हीच एक."

"माझ्या मेव्हण्याची सून तुमच्या माठावरच बघितलेली हाय. पाथरीला."

"ती चांगली हाय."

"बगू आमी," तो म्हणाला.

येताना गाडीत गर्दी नव्हती. खिडकीतून उजेड येत होता. धुरपताबाईनं लेकीचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि ओठ नीट हलवत, थांबत थांबत बायनाबाईचं सगळं सांगितलं. त्या दिवशी गाण्याच्या वेळी ती कानात काय बोलली ते.

रुख्मिणी ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती बोलायली व्हती हे मला कळलं व्हतं. वारा लागायला व्हता कानाला."

"मग वळून बघायचं की गं! तिच्या तोंडाकडं बघायचं!"

"अंधार व्हता. आन् वळले असते तर हसायचं चुकलं असतं."

मग दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या. मानवत रोडला गाडी उगीच बराच वेळ थांबली.

बातमी त्यांच्या आधी सेलूत आली होती. महिन्याभरात माणिकरावांनी धुरपताबाईला बोलावलं. "दोष देत नाही मी," ते म्हणाले, "पण तुम्ही दारात दिसला की घरंदाज बाया मागच्या मागं वळतात." तिनं टॉर्च टेबलावर ठेवला. ती परत जिनिंगमध्ये गेली, लेकीला घेऊन. तिथं मशीन सुरू झालं की कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळ्या बाया हातांच्या खुणांनी बोलतात. रुख्मिणी तिथं कुणाला वेगळी वाटली नाही. उलट सगळ्यांत भराभर तीच बोलायची, वाकड्या बोटांनी.

बातम्या येत राहिल्या. पाथरीच्या सुनेला बाह्या वर करून अंगणात उभं केलं. ती माहेरी बसली आहे. जिंतूरच्या एकीला नवऱ्यानं दवाखान्यात नेऊन डोळे तपासले आणि तिथूनच बापाच्या घरी सोडलं. काही घरांतून काहीच आलं नाही, आणि तिथं काय चाललं असेल ह्याचा विचार धुरपताबाई करत बसायची. माणसंही यायची. दारात उभी राहून विचारायची, "आमच्या सुनंत काय हाय, सांगून टाका." ती म्हणायची, "काय न्हाई." माणसं शिव्या देऊन जायची.

दिवाळीच्या सुमारास राणीसावरगावहून भगवानराव म्हणून एक गृहस्थ आले. शांत माणूस. शिव्या देणारा नव्हता. ओट्यावर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमची सून केशर," ते म्हणाले. "तुमच्या टॉकीजमध्येच बघितली. पोर गुणाची हाय, तक्रार न्हाई. लेकरू झालंय आता, दोन महिन्यांचं. पण मागल्या आठवड्यात चुलीपाशी पडली. दात बसले. आमची मंडळी म्हणती चक्कर व्हती, भाऊ म्हणतो फेफरं. आधीपासून असंल तर सांगा. मी भांडायला न्हाई आलो."

धुरपताबाईला केशर आठवत होती. तिला तिनं दाराला लागून बसवलं होतं, म्हणजे काही झालंच तर लगेच बाहेर काढता येईल. झालं नव्हतं.

"तसलं काय न्हाई," ती म्हणाली.

"खरं सांगा. तुमच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

रुख्मिणी उंबऱ्यात बसून ज्वारी पाखडत होती. उजेड चांगला होता. ती पाहुण्याच्या तोंडाकडे आणि मग आईच्या तोंडाकडे बघत होती. धुरपताबाई उठली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. पण तो तिनं पुरता टेकवला नाही.

"केशरला काय न्हाई. धड हाय ती."

भगवानराव हलले नाहीत. त्यांची नजर त्या हातावर होती.

"मी तिच्या शेजारी बसले व्हते," रुख्मिणी म्हणाली. तिचा सपाट आवाज ऐकून भगवानराव दचकले. "पूर्ण सिनेमा. काय झालं न्हाई तिला. हसली, पाणी प्याली. बाळंतीण हाय, अंगात रगत नसंल. दूध द्या."

धुरपताबाईनं लेकीकडे बघितलं. केशरच्या वेळी रुख्मिणी टॉकीजमध्ये नव्हतीच.

"व्हय," ती म्हणाली. "दूध द्या. आन् चुलीपाशी, आडावर एकटी नका ठेवू तिला. बाळंतिणीला कुणीतरी संगं लागतंच."

भगवानरावांनी टोपी घातली. त्यांनी विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. पायरी उतरताना ते म्हणाले, "बरं वाटलं. सुनंला सांगतो, मावशीनं आठवण काढली म्हणून."

"नगा सांगू," धुरपताबाई म्हणाली.